यात्रेच्या दुपारी लाइनवर आलेल्या दोघी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर जेवताना टाइमपास म्हणून. पिंपळाखालची बाई, अमावस्येला वाजणारी कडी... वाचायचं, हसायचं आणि ताट उचलायचं. आमच्या अब्बांचं कोल्हापुरात शिलाईचं दुकान. नजर लागली, हवा लागली, गंडा बांधा, असलं कुणी दुकानात बोलायला लागलं तर अब्बा मशीन जोरात चालवायचे, म्हणजे बोलणं ऐकूच येऊ नये. त्या घरात वाढलेली मी. त्यातून इंजिनिअर. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं घरी सगळ्यांना हसू येतंय. येऊ दे. 

माझं नाव यास्मिन. एका मोबाईल कंपनीसाठी कंत्राटावर नेटवर्क मोजायचं काम करते. गाडीत लॅपटॉप, त्याला केबलने जोडलेले तीन-चार फोन, छतावर अँटेना, आणि जिल्हाभर भटकायचं. कुठे सिग्नल पडतो, कुठे कॉल तुटतो, कुठल्या टॉवरवर गर्दी होते ते बघायचं. गाडी चालवायला दस्तगीरचाचा. नात्यातले नाहीत, पण इतकी वर्षं एकत्र फिरतोय की माझ्या डब्यात काय आहे ते झाकण उघडायच्या आधी सांगतात.

गोष्ट चंदगड तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, लोक उगाच जाऊन त्रास देतील. डोंगराच्या कुशीतलं गाव, भाताची कापणी होऊन गेलेली, काजूला मोहोर आलेला. देवीची यात्रा होती. दर वर्षी यात्रेत फोन लागत नाही अशी गावकऱ्यांची तक्रार, म्हणून आम्हाला ऐन यात्रेत मोजणीला पाठवलेलं. भर दुपार, डोक्यावर ऊन, हलगीचा कडकडाट, पिपाण्या, भज्यांचा वास. भुताखेताची वेळही नाही आणि जागाही नाही.

आता थोडं तांत्रिक सांगते. कंटाळू नका, पुढचं कळायला ते लागतं.

टॉवरला हवेतल्या मोजक्याच लहरी मिळतात. शेजारच्या टॉवरला वेगळ्या, त्याच्या पलीकडच्या लांबच्या टॉवरला पुन्हा पहिल्याच. म्हणजे एका टॉवरचा आवाज दुसऱ्यात मिसळत नाही. आणि एका लहरीवर एकच माणूस बोलतो असंही नाही. जुन्या 2G मध्ये एका लहरीवर आठ जणांची सोय असते. समजा एकच नळ आहे आणि खाली आठ घागरी. नळ इतक्या भरभर या घागरीवरून त्या घागरीवर फिरतो की प्रत्येकीला वाटतं, धार माझ्याचकडे चाललीय. तुमचा आवाज तसाच तुकड्या-तुकड्याने जातो. तुमच्या वाट्याला क्षणाचा एक कण, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा... आणि परत तुमचा. कानाला मात्र सलग ऐकू येतं. शिवाय प्रत्येकाच्या तुकड्यांना वेगळं कुलूप. तुमच्या फोनकडे फक्त तुमची किल्ली. दुसऱ्याचं बोलणं चुकून तुमच्या कानावर पडेल, हे या पद्धतीत होऊच शकत नाही. जुन्या तारांच्या फोनला व्हायचं. मोबाईलला नाही.

आणि ही सगळी मांडणी चालते ती एका भरवशावर... की सगळे एकदम बोलणार नाहीत. रोज ते खरं ठरतं. यात्रेत ठरत नाही. डोंगरामुळे तिथे 4G नावालाच, कॉल सगळे 2G वर येणार, आणि हजारो माणसं एकाच वेळी ‘कुठं हायस? मी पाळण्याजवळ हाय’ करत असणार. स्क्रीनवर मी बघत होते, एक जागा रिकामी झाली रे झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तिच्यावर दुसरा कुणीतरी बसलेला. मला तर मजा वाटत होती. असा भरलेला टॉवर बघायला मिळणं म्हणजे आमच्या धंद्यात पर्वणीच.

गाडी आम्ही देवळामागच्या काजूच्या बागेत लावली होती. आमच्या मागे दुसऱ्या गाड्या लागल्या, त्यांच्या मागे आणखी, आणि बाहेर पडायची वाटच बंद झाली. मी म्हटलं, असू दे, संध्याकाळशिवाय कुठे जायचंय.

तेवढ्यात चाचा म्हणाले, “बेटी, छातीत कसंतरी व्हायलंय.”

मी वळून बघितलं. चेहरा राखेसारखा झालेला, शर्ट घामाने चिकटलेला. डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला. चाचा कधी डोकं दुखतंय असंही म्हणत नाहीत. मला लगेच कळलं हे काय आहे.

गाडी काढायचा प्रश्नच नव्हता. मी खाली उतरले, पलीकडच्या भजीवाल्याला ओरडून सांगितलं. तो तसाच हातात झारा घेऊन पळत आला, डॉक्टर शोधायला गर्दीत दोघांना पाठवलं. मी चाचांना सीटवर टेकवून बसवलं आणि फोन लावायला लागले. माझ्या फोनला रेंज नव्हती म्हणून लॅपटॉपला जोडलेला मोजणीचा फोन घेतला. एका हाताने चाचांना धरलेलं, म्हणून स्पीकर चालू केला. रुग्णवाहिकेचा नंबर. नेटवर्क व्यस्त. पुन्हा. व्यस्त. आणीबाणीचा कॉल झाला तरी त्याला टॉवरवर रिकामी जागा लागतेच, आणि त्या डोंगरात दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर नव्हता. जो भरलेला टॉवर बघून मी इतका वेळ खूश होते, त्याच्याच दारात मी आता उभी होते आणि आत कुणी घेत नव्हतं. किती वेळा लावला आठवत नाही. चाचांचा श्वास वरवर चाललेला. मला रडू यायला लागलं.

आणि मग फोनमधून आवाज आला.

“...मग व्याली काय गं म्हस शेवटी?”

“व्याली की. रेडी झालीया. कपाळावर पांढरा चांद हाय बघ, कुणीतरी टिकली लावल्यागत.”

“मग चीक ठेव माझ्यासाठनं.”

“उचगावापतोर टिकायचा न्हाय त्यो. तूच ये की सुशे.”

“कशी येऊ अव्वा? डंकाची मोटर जळलीया. मालक मोटर घेऊन गेल्यात कोल्हापुरात. सगळ्यांची मिरची तशीच पडलीया.”

दोन बाया. एक म्हातारी, एक तरुण; ‘अव्वा’ म्हणजे आई, म्हणजे माय-लेकी असणार. आवाज स्वच्छ, पण जुन्या फोनवर मागे यायची तशी बारीक खरखर. मी फोनकडे बघतच राहिले. असं होत नाही... होऊ शकत नाही... हे डोक्यात घुमत होतं, आणि त्याच वेळी तोंडातून मी ओरडत होते.

“मावशी, ताई, कोण आहात तुम्ही? लाइन सोडा. पाया पडते, लाइन सोडा. आमचे चाचा चाललेत. दवाखान्याची गाडी बोलवायचीय.”



“कोण गं ही मधीच?” म्हातारीने विचारलं.

“काय म्हाईत. मला बी ऐकाय आलं, अव्वा.”

“सुशे, ठेव फोन.”

“अगं पण—”

“ठेव म्हनते न्हवं. त्या बाईचं मानूस चाललंय. आपलं हे रोजचंच हाय.” आणि मग सरळ मला, अगदी शेजारी बसल्यासारखं, “बोल गं बाई तू. घाबरू नगंस. बोल.”

खट्ट असा आवाज आला. रिसीव्हर जाग्यावर ठेवल्याचा. मोबाईलमधून असा आवाज येत नाही. आणि त्या खट्टच्या पाठोपाठ, मी पुन्हा बटण दाबलं की नाही हेही मला आठवत नाही, रिंग वाजायला लागली. पहिल्याच रिंगला पलीकडून एका मुलीने शांतपणे विचारलं, रुग्ण कुठे आहे?

मी सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, यात्रेसाठी आमची एक गाडी त्याच गावात शाळेजवळ उभी आहे. बागेच्या मागच्या अंगाने बैलगाडीची वाट असेल तर सांगा.” मी भजीवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, “हाय की, वाट हाय.” देवळाच्या या बाजूला कुणालाच माहीत नव्हतं की गाडी इतक्या जवळ उभी आहे. भजीवाल्याने आणि आणखी चौघांनी चाचांना उचलून बागेच्या मागे नेलं. आम्ही पोचलो तेव्हा गाडी धूळ उडवत येतच होती.

चाचा वाचले. कोल्हापुरात आणल्यावर डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही राहिलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. मीही स्वतःला तेच सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर बसून तासन्‌तास तेच सांगत होते. मग चाचांना वॉर्डात आणलं, मला आत सोडलं. मी म्हटलं, कसं वाटतंय? ते माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, “बेटी... ती म्हैस व्याली म्हणणारी बाई कोण होती?”

 मी त्यांना एका शब्दाने काही सांगितलेलं नव्हतं. “तुम्ही काय ऐकलं?” म्हटलं. तर चाचांनी सगळं सांगितलं. कपाळावरचा चांद, जळलेली मोटर, ‘आपलं हे रोजचंच हाय’. स्पीकर चालू होता ना. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. नर्स म्हणाली, बसा, पेशंटला त्रास होईल. मला बसवेना.

ऑफिसला आल्यावर पहिलं काम केलं ते त्या फोनची नोंद उघडायचं. हे फोन बारीकसारीक सगळं टिपतात. कॉल नाकारला, नाकारला, नाकारला... आणि मग एक लागला. मधल्या वेळात, ज्या वेळात त्या दोघी बोलत होत्या, फोन नुसता स्वस्थ बसलेला. कुठल्याच कॉलवर नाही. आमचे वरिष्ठ कुलकर्णी सर. स्वभावाने मास्तर, कुणालाही पटवून दिल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी फळ्यावर चौकोन काढून मला समजावलं. म्हणाले, “समज, त्या दोघी खरंच होत्या आणि त्यांनी जागा सोडली. तरी ती तुला कशी मिळेल? शेकडो जण त्याच क्षणी दार ठोठावत होते. जागा कुणासाठी राखून ठेवता येत नाही, यास्मिन. जो आधी पोचेल त्याची.”

“मग मला कशी मिळाली, सर?”

सरांनी खडू ठेवला आणि चहा मागवला.

काही आठवड्यांनी त्याच भागात पुन्हा काम निघालं. मी मुद्दाम त्या गावात गेले. भजीवाल्याचं घर शोधलं, त्याला चाचांची खुशाली सांगितली. मग विचारलं, गावातली कुणी सुशी उचगावात दिलीय का, डंकवाल्याकडे? तिथे ओट्यावर त्याचे वडील बसले होते. ते म्हणाले, “गौराव्वाची सुशी की. उचगावात मिरची कांडायचा डंक हाय त्यांचा. का वो पावणं?”

मी विचारलं, गौराव्वा कुठे भेटतील?

“आता कुठं भेटायची. गौराव्वा जाऊन लई वर्सं झाली.”

“त्या लेकीशी फोनवर बोलायच्या का हो?”

म्हातारबुवा हसले. “बोलायची तर. त्या वक्ताला आख्ख्या गावात एकच फोन, किराणा दुकानात. बाजारच्या दिवशी येऊन बसायची आन् तासभर म्हशीचं सांगायची. दुकानदार वैतागायचा. मोबाईल कुठला वो तवा... ह्यो टॉवर तर परवा परवाचा.”

उचगाव आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. आणि मला वाट बघवेना. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी निघाले. चाचा म्हणाले, मी पण येणार. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून गाडी मी चालवली आणि ते शेजारी बसून सगळी वाट मला ब्रेक कधी दाबायचा ते सांगत होते.

डंक सापडायला वेळ लागला नाही. गल्लीच्या तोंडाशीच ठसका लागला. चाचांना खोकला यायला लागला, म्हणून त्यांना गाडीतच बसवून मी आत गेले. साठीच्या आसपासची एक बाई तोंडाला पदर बांधून चाळण मारत होती. कोपरापर्यंत हात लाल. मी म्हटलं, सुशीलाताई तुम्हीच का? त्यांनी मान हलवली, आतल्या पोराला मशीन बंद करायला सांगितलं.

काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण ऐन वेळी सगळं विसरले. म्हटलं, “तुम्ही एकदा तुमच्या अव्वांशी फोनवर बोलत होता. म्हैस व्याली होती. डंकाची मोटर जळली होती. मधेच कुणीतरी...”

मी एवढंच म्हटलं. त्यांच्या हातातली चाळण खाली गेली.

“चाचा,” त्या म्हणाल्या. “चाचा चाललेत म्हनून वरडलेली बाई.”

मी ‘चाचा’ हा शब्द उच्चारलाही नव्हता. बाहेर गाडीत कोण बसलंय हेही त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी मला पोत्यावर बसवलं, स्वतः समोर बसल्या. सांगायला लागल्या. “माझं लगीन होऊन दोन-तीन वर्सं झाली आसतील. हितं डंकात नवा फोन घेतला हुता. अव्वासंगं बोलत हुते आन् मधीच बाईचा आवाज. आमच्या दोघींच्या बी कानात. अव्वानं मला फोन ठेवायला लावला. आमाला वाटलं, कुठंतरी तारेला तार लागली आसंल, कुणाचं तरी बोलनं आलं. तवा व्हायचं तसं. पर अव्वाच्या ते डोक्यातनं गेलंच न्हाय बघा. पुढं फोन केला की पयलं हेच... सुशे, त्या बाईचं मानूस वाचलं आसंल काय गं? मी म्हनायची, अगं मला कसं कळनार. देवाला फुलं वाहताना एक फूल त्यांच्या नावानं ठेवायची. नाव म्हाईत न्हाय तर चाचा म्हनूनच. जाईपतोर ठेवलं.”

 त्यांनी माझा हात धरला, तिखट लागेल म्हणून लगेच सोडला.

“वाचलं काय ओ ते?”

“बाहेर गाडीत बसलेत,” मी म्हटलं.

त्या ताडकन उठल्या. पदराला हात पुसत तशाच अनवाणी बाहेर आल्या. चाचा काच खाली करून बसले होते. बाई आपल्याकडे येतेय बघून दार उघडून उतरले. सुशीलाताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. पांढरी दाढी, स्वेटर, हातात औषधाची पिशवी. गल्लीतली दोन-तीन माणसं थांबली.

“अव्वा लई काळजी करत हुती तुमची,” त्या म्हणाल्या.

चाचांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “त्यास्नी सांगा, बरा हाय म्हणून.”

“सांगते,” सुशीलाताई म्हणाल्या.

त्या क्षणी आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता तुम्ही विचाराल, हे झालं कसं?  कुलकर्णी सरांना मी उचगावची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी फळ्याकडे बघितलंही नाही, म्हणाले, “मला एकदा त्या ताईंना भेटव.” एका लहरीवर आठ जण कसे बसवायचे ते मी आजही नव्या पोरांना शिकवते आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण त्या दुपारी माझ्या आवाजाचा तुकडा इतक्या वर्षांमागच्या, तारेच्या फोनवरच्या बोलण्यात कसा गेला आणि त्या दोघींचा माझ्याकडे कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असलं तर जरूर कळवा, मी कुठल्याही वेळेला ऐकायला तयार आहे.

सुशीलाताई आणि चाचांचं आता अधूनमधून फोनवर बोलणं होतं. डंक, औषधं, नातवंडं. चाचा फोन ठेवतात तेव्हा मी दर वेळी विचारते, मधे कुणाचा आवाज आला का हो? ते म्हणतात, नाही आला, बेटी. आज लाइन साफ होती.